कंदीलवाल्याचे एकशे सत्त्याऐंशी तास

बारावीला रिजवानचे तीन मार्क कमी पडले आणि मेडिकल हुकलं, त्याला आता सात वर्षं झाली होती. या सात वर्षांत त्याने नांदेडलाच फिजिक्स घेऊन बीएस्सी केलं आणि लातूरच्या एका क्लासमध्ये पोरांच्या शंका सोडवायची नोकरी धरली. दर शनिवारी तो एसटीने घरी नांदेडला यायचा. पण घरी कुणी पाहुणा आला आणि 'मोठा काय करतो?' असं विचारलं, की त्याचे वडील गफूरमियाँ अजूनही एवढंच सांगत, "डॉक्टर व्हायचा होता. कॉम्प्युटरच्या खेळानं खाल्ला."

गफूरमियाँचं इतवाऱ्यात घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. डोळ्याला भिंग लावून तीस वर्षं काढलेला माणूस. एकदा एखादं चाक सदोष ठरवलं की ते पुन्हा तपासायची त्यांना सवय नव्हती.

जूनमधल्या एका शनिवारी धाकटी जेबा इंजिनिअरिंगचा फॉर्म घेऊन त्यांच्यासमोर बसली. सीईटीला चांगले मार्क होते. पहिली पसंती लातूरचं कॉलेज, दुसरी नांदेडचं, दोन्हीकडे कॉम्प्युटर. खाली पालकाच्या सहीची जागा तेवढी रिकामी. सोमवारी चारच्या आत फॉर्म द्यायचा होता.

"डी.एड. कर," गफूरमियाँ म्हणाले. "दोन वर्षांत मास्तरीण होशील. कॉम्प्युटर या घरात एकदा होऊन गेलाय."

रिजवान चहा पीत होता. त्याने गप्प बसायला हवं होतं. पण चुकीचं विधान ऐकलं की त्याला राहवत नसे.

"अब्बा, मी त्या अख्ख्या वर्षात जास्तीत जास्त चाळीस तास खेळलो असेन. चाळीस तासांनी मेडिकल जात नाही."

"मोजले होतेस?"

"खेळच मोजायचा. थांबवला की किती तास झाले ते पडद्यावर येतं. माझी फ्लॉपी अजून आहे."

गफूरमियाँनी कप खाली ठेवला. मोजणाऱ्या वस्तूचा विषय निघाला की ते नीट ऐकत. "मग दाखव. चाळीस निघाले तर सही करतो. जास्त निघाले तर हिचं डी.एड., आणि हा विषय पुन्हा नाही."

ते उठून नमाजला गेले. जेबा भावाकडे बघत राहिली.

"भाई, फॉर्म माझा हाय ना? मग तुझ्या फ्लॉपीवर कशाला टांगला?"

"निघणारच चाळीस."

"अन्‌ नाही निघाले तर?"

तो फ्लॉपी शोधायला गेला.

त्या फ्लॉपीत खेळ नव्हता, ही पहिली अडचण. खेळ लातूरला, रिजवानच्या बारावीच्या क्लासातल्या कॉम्प्युटरमध्ये होता. भूकंपानंतर मुंबईच्या कुठल्याशा संस्थेने भूकंपग्रस्त मुलांसाठी दोन कॉम्प्युटर पाठवले होते. मुलं आपापल्या नव्या वस्तीत गेली आणि कॉम्प्युटर फिरत फिरत श्रीमंत नावाच्या सरांच्या त्या खाजगी क्लासात येऊन बसले. सरांनी त्यांना हळदकुंकू लावलं, नारळ फोडला आणि जाहिरातीत 'संगणकाद्वारे सराव' अशी ओळ घातली. स्वतः ते माउसला हातही लावत नसत. त्यात कुणीतरी एक खेळ टाकला. हातात कंदील घेतलेला एक बुटका माणूस खाणीत उतरतो, हिरे गोळा करतो, वरून दगड पडतात. पोरं त्याला कंदीलवाला म्हणत. सरांच्या पुतण्याने तो पुसून टाकू नये म्हणून पोरांनी फाइलचं नाव बदलून 'फिजिक्स दोन' ठेवलं होतं. पडद्यावर नाव कुठेच यायचं नाही, त्यामुळे खेळाचं खरं नाव त्या क्लासातल्या एकालाही कधी कळलं नाही. आपण कुठवर पोचलो याची फाइल जो तो आपल्या फ्लॉपीवर घेऊन फिरायचा, कारण मशीनवर ठेवली तर दुसरा त्यावर आपली चढवायचा.

म्हणजे आता नाव माहीत नसलेला खेळ शोधायचा होता, तोही फुकट, आणि दीड दिवसात.

वजिराबादेत बसवराजचं नेट कॅफे होतं. देगलूरकडचा माणूस. फ्लॉपी बघून त्याने ती उजेडात धरली.

"हे काय काढून राहिला रे बाबा? कोपऱ्यातल्या मशीनला खाच हाय हिची. पण उंदरानं आत काय ठिवलं असंल ते मला इचारू नको."

उंदराने काही ठेवलं नव्हतं. तिसऱ्या प्रयत्नात फ्लॉपी घरघरली आणि आतली एकुलती एक फाइल दिसली. मग रिजवानने वही उघडली, रेघा मारून तक्ता केला: साइटचं नाव, खेळाचं नाव, आकार, निकाल. जुने खेळ फुकट देणाऱ्या साइट चिक्कार होत्या. एकेकीवर हजारो खेळ, अक्षरांनुसार लावलेले. अक्षर माहीत असेल त्याची सोय. खाण, कंदील, हिरे असे इंग्रजी शब्द टाकून त्याने शोधलं तर कंदील विकणाऱ्या कंपन्या आल्या. एका साइटवर डाउनलोडची चार हिरवी बटणं होती. पहिल्याने सांगितलं की तो दहा लाखावा पाहुणा आहे. दुसऱ्याने ब्राउझरला एक जादा पट्टी चिकटवली, ती नंतर जाईना. तिसऱ्याने हवामान दाखवलं, कुठल्याशा थंड देशाचं. चौथं बटण खरं निघालं आणि फाइल एक्याण्णव टक्के उतरली असताना लाइट गेली.

"अडीच घंटे," बसवराज बाहेर खुर्ची टाकत म्हणाला. "आज आपल्या भागाचा नंबर."

शनिवार असा गेला. तक्त्यात एकोणीस ओळी झाल्या होत्या आणि निकालाच्या रकान्यात एकोणीस फुल्या.

रविवारी सकाळी बाविसाव्या ओळीला चित्र सापडलं. तोच बुटका, तोच कंदील. नाव इतकं साधं होतं की रिजवानला स्वतःचाच राग आला. त्याने खेळ उतरवला, चालू केला. बुटका झुरळासारखा सुळ्ळकन पडद्याच्या पलीकडे गेला आणि मेला. मशीन नवं, खेळ जुन्या मशीनच्या चालीवर बांधलेला. मग जुन्या मशीनचं सोंग घेणारा दुसरा एक फुकट प्रोग्राम शोधावा लागला. त्यात बुटका चालायला लागला, पण फ्लॉपीवरची फाइल खेळ घेईना. 'फाइल चुकीची आहे' एवढंच म्हणे. रिजवानने ती अकरा वेळा दिली. अकरा वेळा तेच.

दुपारी जेबा डबा घेऊन आली तेव्हा तो टेबलावर मूठ आपटत होता.

"हळू," बसवराज म्हणाला. "टेबल भाड्यानं आणलाय."

जेबाने डबा बाजूला ठेवला आणि खुर्ची ओढली. "फाइल नोटपॅडमध्ये उघडून बघितली का?"

"त्यात काय दिसणार? कचरा दिसतो."

"कचरा तर कचरा. बघू दे."

कचराच होता, चौकोन आणि उलटीसुलटी अक्षरं. पण पहिल्या ओळीच्या सुरुवातीला एक पूर्णांक एक असा आकडा वाचता येत होता. जेबाने खेळाचा पहिला पडदा पुन्हा आणला. त्याच्या कोपऱ्यात एक पूर्णांक तीन होतं.

"तुझी फाइल जुन्या आवृत्तीची हाय, भाई. नव्या खेळाला ती कशी चालंल?"

अकरा वेळा एकच गोष्ट करून वेगळ्या निकालाची वाट बघणाऱ्या विद्यार्थ्याला रिजवानने क्लासमध्ये काय सुनावलं असतं, ते त्याला नीट माहीत होतं. जुनी आवृत्ती शोधायला आणखी पाऊण तास गेला. परदेशातल्या कुणा हौशी माणसाने आपल्या पानावर तिन्ही आवृत्त्या ओळीने लावून ठेवल्या होत्या, एकही हिरवं बटण न लावता.

फाइल उघडली. कंदीलवाला शेवटून दुसऱ्या मजल्यावर उभा होता, सात वर्षांपूर्वी सोडला तिथेच. रिजवानने खेळ थांबवला. पडद्यावर दोन आकडे आले. हिरे: एकोणचाळीस. वेळ: एकशे सत्त्याऐंशी तास, सदतीस मिनिटं.

त्याने पुन्हा वाचलं. मान जवळ नेऊन वाचलं.

"शक्य नाही."

जेबाचा चेहरा उतरला, पण क्षणभरच. तिने मागे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "अब्बांना इंग्रजी वाचता येत नाही. आकडे येतात. त्यांना वरचा दाखव."

"वरचा हिऱ्यांचा आहे."

"मला माहीत हाय कशाचा हाय. एकोणचाळीस. तुझ्या चाळीसला एक कमी. अल्लानंच ठेवलाय तिथं."

"जेबा, आकडा खोटा सांगायचा असता तर मी दोन दिवस हे सगळं कशाला केलं असतं?"

"तेच इचारते मी. कशाला केलं?"

रिजवानने बाहेर जाऊन रेणापूरला सुदामला फोन लावला. सुदाम त्याचा क्लासातला जोडीदार, आता खताचं दुकान चालवत होता. तासांचा आकडा ऐकून आलेलं हसू आवरेपर्यंत सुदामला वेळ लागला.

"आरं, सर-बटन इसरलास का? सर जिन्यात आले की आपण ते कोपऱ्यातलं बटन दाबायचो. लगीच इंग्रजीचं पान यायचं समोर, लिहिल्यावानी. सर बघून जायचे, म्हणायचे, शाब्बास. मंग आपण तसंच सोडून जेवाया जायचो. कवा कवा संध्याकाळपस्तोर ते पान तसंच ऱ्हायचं."

"आणि आत खेळ चालूच असायचा?"

"मला काय म्हाईत बाबा. मी खताचा माणूस."

रिजवान धावत आत आला. ते बटण दाबल्यावर खेळाचा काटा थांबतो की चालतो, हे तपासता येण्यासारखं होतं. पण तेवढ्यात दारात गफूरमियाँ उभे राहिले. रविवारचं दुकान लवकर बंद करून ते आले होते. जेबाने खालून भावाच्या पायावर पाय दिला. रिजवानने पाय काढून घेतला.

"एकशे सत्त्याऐंशी, अब्बा," तो म्हणाला.

गफूरमियाँनी चष्मा वर करून आकडा पाहिला आणि मान हलवली. रागावले नाहीत, हे जास्त वाईट होतं. "झालं मग."

"नाही झालं. मला दहा मिनिटं द्या. हा काटा मी खेळत नसतानाही चालतो, असं मला वाटतं."

"वीजबिल जास्त आलं की सगळ्यांना तसंच वाटतं, मीटर पळतं म्हणून."

बसवराज काउंटरवरून खिदळला. पण गफूरमियाँ बसले. मनगटावरचं घड्याळ काढून त्यांनी टेबलावर ठेवलं. रिजवानने खेळ सुरू केला आणि कोपऱ्यातलं बटण दाबलं. कंदीलवाला गेला, इंग्रजी मजकुराचं पांढरं पान आलं. दहा मिनिटं चौघं त्या पानाकडे बघत बसले.

"आता," गफूरमियाँ म्हणाले.

पान गेलं, खेळ आला, थांबला. एकशे सत्त्याऐंशी तास, सत्तेचाळीस मिनिटं.

"बघा!" रिजवान जवळजवळ ओरडलाच. "आम्ही सर आले की हे पान लावायचो आणि निघून जायचो. तास त्या पानाचे आहेत. माझे किती हे यातून सांगताच येत नाही. चाळीस असतील, शंभरही असतील. पण एकशे सत्त्याऐंशी नाहीत."

गफूरमियाँनी घड्याळ पुन्हा मनगटाला बांधलं. कितीतरी वेळ ते पट्ट्याच्या भोकाशीच खेळत राहिले.

"हे पान," ते म्हणाले, "हे मी बघितलंय. मी लातूरला आलो होतो, दिवाळीच्या आधी. सरांनी मला दारातून दाखवलं होतं. पडद्यावर हे पान, अन्‌ खुर्ची रिकामी. म्हणाले, आत्ताच उठून गेला बघा, दिवसभर इंग्रजी करतो तुमचा मुलगा. मी पेढे देऊन आलो त्यांना."

रिजवानने खुर्ची मागे सरकवली.

"म्हणजे मशीनचा गुन्हा नाही," गफूरमियाँ पुढे म्हणाले. "मशीननं बरोबर मोजलं. बघणारंच कुणी नव्हतं तिकडं. आण तो फॉर्म."

जेबाने पिशवीतून फॉर्म काढला. गफूरमियाँनी जेबाच्या मराठी अक्षरातल्या दोन्ही ओळी बोट ठेवून वाचल्या. मग बसवराजकडून पेन घेतलं आणि पहिल्या ओळीवर, लातूरच्या, सरळ रेघ मारली.

"अब्बा!"

"नांदेडचं ठेव. घरून जायचं, घरी यायचं. कॉम्प्युटर शिक, काय शिकायचं ते शिक. पण लातूर नाही. तिथं पोरगं खुर्चीवर नसलं तरी बापाला दिसतं." त्यांनी खाली सही केली, पेन परत दिलं आणि बाहेर पडले.

लातूरच्या कॉलेजसाठी जेबाने वर्षभर अभ्यास केला होता. तिथली प्रयोगशाळा नवी होती आणि कॅम्पसमध्ये कंपन्या यायच्या. हे सगळं रिजवाननेच तिला सांगितलं होतं.

"कॉम्प्युटरला तर हो म्हणाले," तो म्हणाला.

"बटनाचं सांगायला तुला कुणी सांगितलं होतं?"

"नसतं सांगितलं तर डी.एड. होतं."

"हिऱ्यांचा आकडा सांगितला असतास तर लातूर होतं."

पडद्यावर कंदीलवाला थांबलेलाच होता. एकच मजला उरला होता, रिजवानने तो कधीच पाहिला नव्हता. त्याचा हात कीबोर्डकडे गेला.

"भाई, ऊठ," जेबा म्हणाली. "खोडलेला फॉर्म घेतील का नाही, ते बघायचंय मला. नियम कॉलेजच्या साइटवर असतील."

तो उठला. ती खुर्चीवर बसली, खेळ बंद केला आणि कॉलेजचा पत्ता टाईप करू लागली.