सरांची साक्ष

बाइंडरने पुस्तक उघडून शिवणीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "शिवण शाबूत आहे, सर. याला काहीही झालेलं नाही."

सरांना ते ठाऊक होतं. पुस्तक त्यांचं स्वतःचं होतं, चार महिन्यांपूर्वी छापून आलेली तिसरी आवृत्ती. दुकानात शिरायला काहीतरी निमित्त हवं, म्हणून त्यांनी ते काखोटीला मारलं होतं. आता निमित्तही संपलं. आणि एकतीस वर्षांनी पाहूनही त्याने ओळख न विचारता 'सर' म्हटलं होतं.

"सहज आलो होतो," ते म्हणाले.

"बसा ना." बाइंडरने स्टुलावरचे पुठ्ठे उचलून जागा करून दिली. खळ वाळून त्याची बोटं पांढुरकी झाली होती.

एकेकाळी हीच बोटं ग्रीक हस्तलिखितांच्या छायाचित्रांवरून फिरत. सर तेव्हा चर्चचे पाळक घडवणाऱ्या विद्यालयात शिकवत आणि हा त्यांचा सगळ्यांत हुशार विद्यार्थी होता. पवित्र शास्त्रातलं शेवटचं पुस्तक, ते जगाच्या अंताच्या दृष्टान्तांचं, कुणी लिहिलं, या प्रश्नाने दोघांनाही झपाटलं होतं. लिहिणारा आपलं नाव सांगतो. प्रभूच्या शिष्यांत त्या नावाचा एक प्रेषितही होता. पण हा तोच कशावरून? प्रेषिताच्या नावावरच्या शुभवर्तमानातली, म्हणजे प्रभूच्या चरित्रातली, ग्रीक भाषा साधी, नितळ. इथली खडबडीत, व्याकरणाला जागोजागी ठेचा लागलेल्या. शिवाय जुन्या प्रतींचा एकमेकींशी मेळ नाही. दृष्टान्तातल्या सैतानी श्वापदाचा आकडा सहाशे सहासष्ट, हे सगळ्यांना तोंडपाठ. पण एका फार जुन्या प्रतीच्या तुकड्यात चक्क सहाशे सोळा. यातलं काहीही सरांनी वर्गात कधी काढलं नाही. घरी, दार लोटून, या एकट्याला शिकवलं.

त्याला मात्र ते पोटात ठेवता आलं नाही. शेवटच्या वर्षाच्या निबंधात सगळं लिहून मोकळा झाला.

चौकशीला सात जण बसले, सर त्यांतलेच एक. हे खूळ तुझ्या डोक्यात कुणी घातलं, असं अध्यक्षांनी विचारलं. पोराने सरांकडे पाहिलंसुद्धा नाही. माझं मीच वाचलं, म्हणाला. सर टेबलाच्या कडेला नख घासत राहिले. विद्यालयातून नाव काढून टाकायच्या कागदावर सातवी सही त्यांची पडली. पुढे वारं फिरलं, तेच विचार राजरोस शिकवले जाऊ लागले, तेव्हा सरांनी हे पुस्तक लिहिलं आणि त्यांचं मोठं नाव झालं. प्रस्तावनेत बावीस जणांचे आभार होते, अगदी टंकलेखन करणाऱ्या बाईंच्या भाच्याचेसुद्धा. याचे नव्हते.

"पहिली आवृत्ती आली तेव्हाच वाचलं मी हे," बाइंडर म्हणाला. "आकड्याच्या प्रकरणात माझ्या निबंधातल्या दोन ओळी आहेत. जशाच्या तशा."

सरांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. "त्याचसाठी आलो होतो," ते कसंबसं म्हणाले. "मला तुझी..."

तेवढ्यात आतला पडदा सरकला. भिंतीला हात लावत लावत एक म्हातारी बाहेर आली, नव्वदीच्या घरातली. कोण आलंय, म्हणून तिने विचारलं.

"माझे सर, आई. विद्यालयातले."

ती जागीच थबकली. मग पुढे येऊन तिने सरांचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला. तिचे हात हलके होते, पण पकड सुटणारी नव्हती.

"म्हणजे तुम्हीच," ती म्हणाली. "सहा जण एकीकडे आणि तुम्ही एकटे माझ्या लेकाच्या बाजूने उभे राहिलात. रोज तुमच्यासाठी प्रार्थना करते मी."

चहा टाकते म्हणत ती पुन्हा आत गेली, तेव्हा सरांनी आवाज खाली आणून विचारलं, "हे काय सांगितलंस तिला?"

"तिने प्रार्थनेला जाणं सोडलं होतं, सर. अन्नपाणी तुटलं होतं. तिथे एक तरी माणूस बरा निघाला, एवढं तिला हवं होतं." बाइंडरने टेबलावरची कात्रणं तळहाताने गोळा केली. "बाकीच्या सहांची माझी ओळख नव्हती."

"मी तिला खरं काय ते सांगून टाकतो."

"तुम्हाला हलकं वाटेल," बाइंडर म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता आणि तेच सरांना सोसवेना. "तिचं काय?"

चहा आला. म्हातारी समोरच्या खुर्चीत टेकली आणि पदर सावरून म्हणाली, "एक विचारू? त्या दिवशी तुम्ही बोललात तरी काय? याला शंभरदा विचारलं. आठवत नाही म्हणतो."

बाइंडर पाठमोरा झाला. सरांनी कप खाली ठेवला आणि का कोण जाणे, ते उठून उभे राहिले.

"मी म्हणालो," त्यांनी सुरुवात केली, "या मुलाने जे लिहिलंय ते मी शिकवलंय. शिक्षा करायची तर मला करा. शास्त्र कुणी लिहिलं, हे विचारल्याने शास्त्र लहान होत नाही. ज्याने ते लिहिलं तो कुणीही असो, छळाच्या दिवसांत त्याने स्वतःचं नाव लिहिलं. मग मी माझं नाव का लपवू?"

कुठेही अडखळायला झालं नाही. एकतीस वर्षं दाढी करताना, फिरायला जाताना, आजारी बायकोच्या उशाशी बसलेले असताना हीच वाक्यं त्यांच्या ओठांवर येऊन परत जात होती. कागदावर चालणारी बाइंडरची सुरी मधेच थांबली होती.

"एवढं बोललात," म्हातारी म्हणाली, "आणि तरी कुणी ऐकलं नाही?"

"नाही ऐकलं." सरांचा आवाज चिरकला. "ऐकू जाईल इतक्या मोठ्याने मी बोललो नाही, आई."

म्हातारीने त्यांच्याकडे पाहिलं, मग लेकाच्या पाठीकडे. सरांनी खाली ठेवलेला कप तिने त्यांच्याकडे सरकवला.

"बसा आता," ती म्हणाली. "चहा निवतोय."