शिडीचा राज्याभिषेक

नाटकातल्या गर्दीला एकही वाक्य नव्हतं. हुकूम तेवढे होते: राजा आला की वाका, राजाने हात वर केला की ओरडणं थांबवा, आणि शेवटी राजा मेला की रडा. एवढ्यासाठी आठ माणसं रोज संध्याकाळी कामावरून थेट नाट्यगृहात यायची, आणि त्यातल्या एकीच्या नवऱ्याला ही गोष्ट काही केल्या पटत नव्हती.

"गर्दीत उभं राहायला तालीम कशाला लागते?" तो म्हणायचा. "मी रोज उभा राहतो. बसस्टॉपवर. मला कुणी शिकवलं नाही."

त्याची ही बायको म्हणजे वहिनी. हॉस्पिटलच्या लाँड्रीत चादरींना इस्त्री करायची. गर्दीत तिची धाकटी नणंदही होती, आणि ती उठसूट "वहिनी, वहिनी" करायची. ते ऐकून बस ड्रायव्हरने तेच उचललं, मग तिच्या बापाच्या वयाच्या निवृत्त पोस्टमनने, आणि शेवटी खुद्द मास्तरांनी. अशी ती साऱ्या नाटकमंडळींची वहिनी झाली.

मास्तर नाटकाचे लेखकही आणि दिग्दर्शकही. शाळेत इतिहास शिकवायचे. जन्मभर वाचलेल्या राजांपैकी एकाचा माज घेतला, दुसऱ्याची हाव घेतली, तिसऱ्याचा शेवट घेतला, आणि त्यांनी स्वतःचा एक राजा बेतला होता. कुठल्या देशाचा, कुठल्या काळातला, असं विचारलं की म्हणायचे, "कुठेही बसवा. बसतो."

राजाचं काम ज्याच्याकडे होतं त्याला सगळे महाराज म्हणत. एरवी तो विम्याच्या कचेरीत खुर्ची झिजवायचा. पण वीस वर्षं दर नाटकात राजा तोच. आवाज असा, की शेवटच्या रांगेतल्या माणसाची पेंग उडावी. मात्र नाकावर माशी बसू द्यायचा नाही. अंगरखा चढवला की "पाणी!" एवढंच म्हणायचा आणि कुणीतरी आणून द्यायचं. अंगरखा उतरवल्यावरही तसंच म्हणायचा, आणि गंमत अशी, की तेव्हाही कुणीतरी आणून द्यायचंच.

वहिनीची ही पाचवी गर्दी. आधीच्या चारही नाटकांना नवरा फिरकला नव्हता. "तुला एखादं वाक्य मिळू दे, मग येतो," हे त्याचं ठरलेलं. यंदा मात्र तिने आधीच तिकीट काढून आरशाच्या फटीत खोचून ठेवलं. रोज दाढी करताना ते त्याच्या नाकासमोर यायचं. आठवड्याभराने तो फेस लावता लावता म्हणाला, "बरं, येईन." वहिनीने "हं" एवढंच केलं आणि स्वयंपाकघरात जाऊन एकटीच हसली.

आणि नेमकी त्यानंतर ती शिडीची भानगड झाली.

त्या दिवशी लाँड्रीत दोन बायका रजेवर, म्हणून वहिनीने तिघींचं काम ओढलं होतं. तालमीला उभी राहिली तेव्हा डोळ्यांवर झापड येत होती. नगारा वाजला. उजव्या विंगेतून पावलं ऐकू आली. वहिनी कमरेतून वाकली. ती वाकली म्हणून मागचे सातही जण वाकले, कारण कधी वाकायचं हे त्यांच्यातलं कुणीच लक्षात ठेवत नसे. सगळ्यांची नजर वहिनीवर.

पण नगारा वाजवणाऱ्याने नुसतं कातडं तापलंय का ते पाहायला टिपरी मारली होती. आणि विंगेतून आला होता तो वायरमन. खांद्यावर शिडी, तोंडात पेचकस, दिवा बदलायला.

वायरमन जागच्या जागी थांबला. समोर आठ माना खाली. मग त्याला काय झालं कोण जाणे! त्याने पेचकस तोंडातून काढून खिशात ठेवला. हनुवटी वर गेली, छाती पुढे आली, खांद्यावरची शिडी एकदम राजदंडासारखी दिसायला लागली. त्याने सावकाश हात उचलला आणि भारदस्त आवाजात म्हणाला, "उठा."

अख्खं नाट्यगृह खदखदलं. मास्तरांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. नणंद तर स्टेजवरच फतकल मारून बसली. हसला नाही तो एकटा महाराज. तो विंगेत आपल्या प्रवेशाची वाट बघत उभा होता, आणि त्याचा नमस्कार एका शिडीवाल्याला जाताना त्याने डोळ्यांनी पाहिला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी मास्तर लाँड्रीत आले. वाफेत त्यांचा चष्मा धुकटला, ते त्यांच्या पथ्यावरच पडलं. तिच्याकडे बघावं लागलं नाही.

"वहिनी, महाराज म्हणतात, एक तर ते राहतील, नाही तर गर्दी."

"अस्सं."

"प्रयोग पंधरा दिवसांवर आलाय. राजा कुठून आणू मी? गर्दीच्या आवाजाचं रेकॉर्डिंग मिळालंय. स्टेडियममधलं आहे. चांगले दहा हजार लोक आहेत त्यात."

"मग आम्ही आठजण कमीच पडणार," वहिनी म्हणाली आणि चादरीची घडी मोडून पुन्हा घातली.

मास्तर घुटमळले. "एक विचारू? तुमच्याकडे बघून सगळे का वाकतात हो? तुम्हाला पुढारी कुणी केलं?"

"कुणी नाही. मी बुटकी, म्हणून तुम्हीच पुढे उभं केलंत. मागे वळून पाहिलं तर सगळे होते."

मास्तरांना हसू आलं, पण ते त्यांनी गिळलं. "कपडे तेवढे परत आणून द्या. सावकाशीने," असं पुटपुटून ते गेले.

घरी वहिनीने कुणाला काही सांगितलं नाही. सकाळी नवरा दाढीला बसला. आरशातलं तिकीट त्याने काढून पाहिलं, जागेचा नंबर वाचला, परत खोचलं. "तिसरी रांग म्हणजे अगदी समोर की गं," तो म्हणाला. इतक्या वर्षांत हा माणूस प्रथमच यायला निघाला, आणि दाखवायला ती तिथे नसणार! वाक्य नसलेल्या माणसाला काढून टाकलं तर ते कुणाच्या लक्षातसुद्धा येत नाही, हे तिला जास्त लागलं.

नणंद मात्र पेटली होती. "त्याच्या मुकुटात झुरळ सोडू."

"झुरळाने काय बिघडवलंय आपलं?" वहिनी म्हणाली.

कपडे परत द्यायला आठहीजण एकत्रच गेले. स्टेजवर तालीम चालू होती. ही मंडळी मागच्या खुर्च्यांवर मांडीवर गाठोडी घेऊन बसली, लग्नात जेवायला न बोलावलेल्या पाहुण्यांसारखी.

नगारा वाजला. भोंग्यातून दहा हजार लोक गरजले. महाराज झोकात आला, पायऱ्या चढला, सिंहासनापुढे उभा राहिला आणि त्याने हात वर केला.

लोक थांबले नाहीत.

महाराजाने हात आणखी उंच केला. लोक ओरडतच होते. कुणीतरी शिट्टी मारली. स्टेडियममध्ये बहुधा गोल झाला असावा. वायरमन बटणं शोधत यंत्रावर ओणवा झाला होता. महाराज तसाच, हात वर करून, वर्गात "बाई, मी जाऊ का" म्हणणाऱ्या पोरासारखा उभा. अखेर आवाज बंद पडला, तोही मध्येच, मान मुरगाळल्यासारखा.

"थांबायला माणसंच लागतात वाटतं," पोस्टमन म्हणाला. हळूच म्हणाला, पण शांततेत ते सगळीकडे पोचलं.

महाराज लालबुंद झाला. "यंत्र दुरुस्त होईल. पण एक ध्यानात ठेवा. राजामुळे गर्दीला किंमत असते. राजाच नसला तर तुम्ही आठजण म्हणजे काय? बसस्टॉप!"

बसस्टॉप! घरी नवऱ्याने तेच म्हणावं आणि इथे यानेही. वहिनी उठली. तिला भाषण येत नव्हतं, भांडणही फारसं येत नव्हतं.

"करून बघू या का?" ती म्हणाली. "एकदाच. मग कपडे ठेवून जातो."

मास्तरांनी महाराजाकडे पाहिलं. महाराजाने खांदे उडवले. "बघा की. आमचं काय जातंय?"

वहिनीने वायरमनकडून शिडी मागून घेतली आणि सिंहासनाला टेकवून उभी केली. साधी लाकडी शिडी, रंगाचे डाग पडलेली, एका पायरीला सुतळी बांधलेली. मग ती आपल्या जागी गेली. मागे सातजण आपोआप लागले. नगारा वाजला.

वहिनीने शिडीकडे पाहिलं. हॉस्पिटलात मोठे डॉक्टर राऊंडला निघाले की पॅसेजमधली माणसं कशी भिंतीला सरकतात, ते तिने रोज पाहिलं होतं. ती तशी सरकली. नजर खाली गेली, मग भीत भीत वर, आणि ती कमरेतून वाकली. सगळे वाकले. ड्रायव्हरने टोपी काढली. नणंदेने, जी जन्मात कुणाला घाबरली नव्हती, चक्क पदराने घाम टिपला.

सभागृहात कुणी हसलं नाही. सिंहासनापाशी खरंच कुणीतरी उभं होतं. मास्तर नकळत खुर्चीतून उठले, आणि उठल्यावर त्यांचं त्यांनाच नवल वाटलं.

"आता तुम्ही या," वहिनी शिडी बाजूला ठेवत महाराजाला म्हणाली. "सगळं तुमच्या पद्धतीने करा. काही राखून ठेवू नका."

महाराज आला. खरं सांगायचं तर इतकं देखणं येणं त्याला वीस वर्षांत जमलं नव्हतं. पण गर्दी आपल्या कामात होती. पोस्टमन बुटाची नाडी बांधत होता. वहिनी आणि नणंद गाठोड्याची चादर सोडून तिची घडी घालत होत्या: टोकाला टोक, झटका, पुन्हा टोकाला टोक. महाराजाने हात वर केला. कुणी पाहिलं नाही.

"ऐका!" तो गरजला. नणंदेने चादर झटकली.

"मी राजा आहे!" ड्रायव्हरने जांभई दिली. मुद्दाम नाही, त्याला खरंच आली.

महाराज एक पायरी खाली उतरला. "इकडे... इकडे बघा ना," तो म्हणाला, आणि हा आवाज त्या नाट्यगृहाने कधी ऐकला नव्हता. विम्याच्या कचेरीतलाही नव्हता तो. घरी एकटा असताना त्याचा जो असेल, तो होता. त्याने मुकुट डोक्यावरून काढला आणि आता याचं काय करायचं असतं ते आठवेना, असा हातात धरून उभा राहिला.

वहिनीलाच वाईट वाटलं. तिने चादर खाली ठेवली आणि विंगेतून पाण्याचा पेला आणून त्याच्यापुढे धरला.

महाराजाने तो घेतला नाही. हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळायला लागलं. हा माणूस गर्विष्ठ होता, हेकट होता, पण हाडाचा नट होता.

"मास्तर," तो म्हणाला, "माझ्या पायाखालची जमीन गेली हो. खरोखर गेली. खंजीर, रक्त, ते माझं मरतानाचं मोठं भाषण, सगळं काढून टाका. राजा असा मारा. यांनी मारा."

मग तो विंगेत गेला आणि आपलं पाणी आपण घेऊन आला.

शेवट बदलला. सेनापतीचं काम करणारा चार दिवस रुसून बसला, कारण खंजीर त्याने घरून आणला होता. दहा हजार लोक डब्यात बंद झाले.

प्रयोगाच्या दिवशी नाट्यगृह गच्च भरलं. शेवटचा प्रवेश आला. राजाने नवा हुकूम वाचला. गर्दी वाकलेली होती. वहिनी सरळ झाली. कुणी तिच्यासाठी नगारा वाजवला नाही, इशारा केला नाही. वेळ तिने स्वतः ठरवायची होती. तिने सिंहासनाकडे पाठ फिरवली आणि ती प्रेक्षकांना सामोरी झाली. मागोमाग सातजण वळले. तिसऱ्या रांगेत नवरा बसला होता, चांगला शर्ट घालून, तोंड किंचित उघडं. वहिनीने त्याच्या डोळ्यांत बघत चादर उचलली. टोकाला टोक, झटका. त्या झटक्याचा आवाज बाल्कनीपर्यंत गेला.

"इकडे बघा," पाठीमागून राजा म्हणाला. मग खाली आला. चादरीचं एक टोक धरायला त्याने हात पुढे केला. वहिनीने दिलं नाही. घडी पूर्ण केली, काखेत मारली आणि निघाली. पडदा पडला.

मग टाळ्या उसळल्या, आणि पुढच्या रांगांपासून मागपर्यंत माणसं उभी राहिली. पडदा पुन्हा वर गेला तेव्हा सवयीने महाराज पुढे झाला, थबकला, मागे सरकला.

"वहिनी, पुढे व्हा," तो त्याच्या त्या मोठ्या आवाजात सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "बुटक्या माणसांची जागा पुढेच." आणि वीस वर्षांत प्रथमच तो वाकला, कमरेतून, अगदी गर्दीने वाकावं तसा.

बाजूच्या दाराशी नवरा तिची पिशवी सांभाळत उभा होता.

"वाक्य नव्हतंच की," तो म्हणाला.

"नव्हतं."

"तू पाठ फिरवलीस ना, मी खुर्चीत मागे सरकलो. म्हटलं, बरं झालं आपण राजा नाही." तो जरा थांबला. "घरी असं कधी करू नकोस हं."

"बघू," वहिनी म्हणाली आणि चालायला लागली.

चहा प्यावासा वाटत होता, आणि कोपऱ्यावरचं दुकान अजून उघडं असावं. मागे पावलं वाजली. नवऱ्याची, मग नणंदेची, ड्रायव्हरची, पोस्टमनची. मास्तर चष्मा पुसत आले. वायरमन शिडीसकट आला. सर्वांत शेवटी महाराज, अंगरखा काखोटीला मारून.

"आपण चाललोय कुठे?" मागून कुणीतरी विचारलं.

कुणाला माहीत नव्हतं. कुणी थांबलंही नाही. वहिनीने मागे वळून पाहिलं नाही. पाहायची गरजच नव्हती.