अर्धी पळी

भागिरथीच्या दारातून उपाशी गेलेला माणूस कोपरगावात शोधून सापडला नसता. पाहुण्यानं ताटावर हात आडवा धरला, तर ही बाई बोटांच्या फटीतून वाढायची. आणि तिचीच रोहिणी, बारावीतली पोर, वर्षभरात वाळून काटकी झाली होती. आरशात बघून म्हणायची, "मी लई जाड हाय." घास तोंडाशी नेला की विंचू दिसल्यासारखा चेहरा करायची.

सगळी गल्ली कामाला लागली. कुणी दृष्ट काढली, कुणी अंगारा लावला. शेजारची रंगुबाई रोज काहीबाही करून आणायची आणि "माज्या नावाचा येक घास घे गं" म्हणत समोर ठाण मांडायची. गल्लीभरच्या बायकांच्या नावाचे घास! पोर आणखीच मिटली. एकदा नळावर चक्कर येऊन पडली, तेव्हा नाडी लागता लागेना. पोर हातची जाते, या धास्तीनं भागिरथीच्या जिवाचं पाणी पाणी झालं.

पुण्याच्या दवाखान्यात सलाईन लावून आधी जीव सावरला. तिथं डॉक्टर विजयमाला एक नवं यंत्र वापरून बघत होत्या. अठ्ठ्याण्णव साल होतं ते. डोक्यावर बाहेरूनच तारेचं वेटोळं धरायचं, त्यातून चुंबकाचे झटके द्यायचे. कापाकापी नाही, गुंगी नाही.

"खाण्याची भीती मेंदूत घट्ट बसलीय. ती सैल होते का बघू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "नवीन आहे, खात्री देत नाही."

भागिरथीला त्यातलं एकच ऐकू आलं : झटके. "आदी मला लावा," म्हणून ती खुर्चीत बसलीसुद्धा. पोरीला द्यायचं ते आईनं आधी चाखायचं, हा तिचा शिरस्ता. डॉक्टरीणबाई हसल्या, चार प्रश्न विचारले आणि वेटोळं धरलं. टक् आवाज झाला आणि भागिरथीचा अंगठा टुणकन उडाला. पुन्हा टक्, पुन्हा उडी.

"अगं बया! मी न्हाई हालवला!"

रोहिणी खुदकन हसली. कितीतरी महिन्यांनी. ते हसू बघून भागिरथीला वाटलं, दिवसभर अंगठा उडाला तरी चालेल.

रोहिणीचे उपचार झाले, डॉक्टरीणबाईंशी बोलणंही झालं. निघताना बाईंनी बजावलं, "जेवण ठरल्या वेळी, ठरलं तेवढंच. सोबत बसा, पण आग्रह अजिबात करायचा नाही."

"येक घास घे, येवडं बी नगं म्हनायला?"

"तेवढंसुद्धा नाही."

यापेक्षा झटके परवडले असते. घरी आल्यावर भागिरथीनं रंगुबाईला दारातूनच परत पाठवलं आणि जेवताना स्वतः पदराचं टोक दातांत धरून बसायला लागली. रोहिणी रडत-कुढत का होईना, ठरलेलं संपवायची. कधी ताटात तसंच राहायचं. भागिरथी पदर चावायची.

एका दुपारी हुलग्याची शेंगोळी केली होती. रोहिणीनं वाटीतली संपवली, बोट चाटलं, आणि भागिरथीचा हात पळीसकट आपोआप पुढं गेला. भानावर येऊन ती तशीच थिजली. सगळं मुसळ केरात घातलं की काय!

रोहिणीनं पळीकडं पाहिलं, आईकडं पाहिलं.

"आई, तुजा हात उडाला. हितं कुटं यंत्र हाय?"

"न्हाई गं. माजी मेलीची खोडच वाईट."

रोहिणीनं चाटलेलं बोट पुसलं. मग वाटी हळूच पुढं सरकवली. "अर्धीच वाढ."

जन्मात कुणाला अर्धी पळी न वाढलेल्या भागिरथीनं बरोबर अर्धी पळी वाढली, आणि पातेल्यावर झाकण ठेवलं.