प्लॅट नदीत रुतलेली सफरचंदाची रोपं

या, जरा जवळ सरकून बसा. देवाचं नाव घेऊन एक गोष्ट सांगतो. ऐकून उठाल तेव्हा मन हलकं झालेलं असेल.

केझाया टटल ही विधवा बाई गाड्यांच्या तांड्याबरोबर अमेरिकेतल्या मिसूरीहून दूर पश्चिमेला, ओरेगॉनला निघाली होती. तिच्या गाडीत ना पलंग, ना आरसा; होती ती खोक्यांत मातीसकट लावलेली सफरचंदाची रोपं. कलमं नवऱ्यानं बांधलेली. तो तापानं गेला. आता पश्चिमेला बाग लावायची आणि तिच्या जोरावर दोन्ही मुलींना वाढवायचं, एवढीच तिची आशा.

वाटेत तिचा एक बैल मेला. त्याच्या जागी तिनं दुभती गाय जुंपली. प्लॅट नदीच्या काठी तांड्याचा कप्तान ओबेड क्रेन वैतागला.

"बाई, टाका ती माती! अख्खं मिसूरी घेऊन निघालात की काय?"

"तुमची ती लोखंडी शेगडी टाका आधी, कप्तान. मग बोलू."

"शेगडीवर पाव भाजतो!"

"आणि माझ्या रोपांना सफरचंदं लागतात!"

लोक हसले. क्रेननं मात्र बजावलं, "पाण्यात गाडी थांबली की वाळू चाकं गिळते. मग मला दोष देऊ नका."

नदीत शिरण्याआधी जनावरांना काठावर पोटभर पाणी पाजायची सगळ्यांचीच रीत. 'दाखवतेच याला' म्हणत केझायानं मुलींना दुसऱ्या गाडीत बसवलं, आपली गाडी हाकली आणि नेमकं तेच राहून गेलं. नदीच्या मध्यावर तहानलेल्या गाईनं मान खाली घातली आणि पीत उभीच राहिली.

"चल गं बये, चल!" केझाया कमरेइतक्या पाण्यात उतरली. चाकं रुतत होती, पाणी खोक्यांना लागत होतं. मदत मागायची तिला लाज वाटत होती. तरी ती ओरडली, "कप्तान, चुकले मी! गाईला पाणी पाजलं नव्हतं!"

क्रेन बुटांसकटच आपले बैल घेऊन पाण्यात घुसला. त्यानं साखळी अडकवली. पाठोपाठ माणसं आली. पण कुणी आत्ता ढकले, कुणी मग. गाडी नुसतीच डुले.

तेव्हा काठावरून म्हाताऱ्या पाद्री आसा विन्सनी गायला सुरुवात केली. तांड्यात भजनाची पुस्तकं पुरत नसत, म्हणून रविवारी ते एक ओळ गात आणि सगळे ती उचलून धरत. तशीच त्यांनी आता ओळ दिली, "वाट दाखव, प्रभो!"

"वाट दाखव, प्रभो!" सगळ्यांनी एका सुरात म्हटलं आणि एकाच दमात रेटलं. ओळ ऐकताना श्वास घ्यायचा, म्हणताना जोर लावायचा. गाडी हलली. पुढच्या ओळीला चाक सुटलं आणि मग गाडी थांबलीच नाही.

काठावर केझायानं पाहिलं. एक खोकं वाहून गेलं होतं. बाकीची रोपं चिंब भिजून उभी होती.

"अर्धी खोकी माझ्या गाडीत चढवा," क्रेन म्हणाला. "गाईला किती राबवाल?"

"आत्ताच तर टाका म्हणत होतात!"

"तेव्हा मी या रोपांसाठी गायलो नव्हतो, बाई. आता टाकवतं का?"

ओरेगॉनात त्या रोपांनी मूळ धरलं. मुली तिथेच मोठ्या झाल्या. देवापुढे हात जोडाल तेव्हा त्या ओबेड क्रेनला आठवा. टाका म्हणाला तोच. पण हाक आली तेव्हा बूट काढायलाही थांबला नाही.