चेन अडकली तेव्हा

वेदिकाने वडिलांना बर्फ दाखवायचा चंगच बांधला होता. जयराम ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त झाले आणि जानेवारीत बापलेकीने उत्तराखंडात तंबूत राहायचं ठरवलं. म्हणून रविवारी सकाळी दोघं कॉलेज रोडवरच्या ट्रेकिंगच्या दुकानात आले.

दुकानदार संतोषने स्लीपिंग बॅगा मांडल्या. "काका, लेबलावरच्या तापमानाच्या सगळ्यात खालच्या आकड्याला भुलू नका. तेवढ्या थंडीत माणूस जेमतेम जीव धरून राहतो. झोप लागेल तो आकडा हा, वरचा. आणि मॅट जाडच घ्या. जमीन अंगातली ऊब ओढून घेते."

वेदिकाने पायाकडे निमुळती होत गेलेली, पिसं भरलेली बॅग निवडली. "ही अंगालगत बसते, म्हणून जास्त गरम. पप्पा, आत शिरून बघा ना."

जयराम हसत मॅटवर आडवे झाले. संतोषने चेन गळ्यापर्यंत ओढली, बॅगेच्या टोपीची नाडी आवळली. चेहरा तेवढा उघडा राहिला. वेदिकाने फोटोसाठी मोबाइल वर धरला, तोच त्यांचं हसू विरलं.

"काढा."

संतोषने चेन खाली ओढली. अस्तर चेनच्या दातांत अडकलं.

"काढा! माती येतीय! पांडू, हात दे रे!"

घरात ज्यांचा आवाज कधी चढला नव्हता, ते पप्पा जिवाच्या आकांताने ओरडत होते. बॅग फरशीवर तडफडत होती. वेदिकाने काउंटरवरची कात्री उचलली आणि कापड उभं फाडलं. पिसं दुकानभर उडाली.

जयराम भिंतीला टेकून बसले. घामाने निथळत होते. वेदिकाने पाण्याचा ग्लास त्यांच्या ओठांना लावला.

"पांडू कोण, पप्पा?"

"माझा भाऊ. धाकटा."

वेदिकाला फक्त एक आत्या होती, कुसाबाई. काकाचं नाव घरात कुणी कधी काढलंच नव्हतं.

"गावी, हरसूलला विहीर खणत होतो. दरड कोसळली. माझं तोंड तेवढं बाहेर राहिलं. तो शेजारीच होता, मातीतून हाका मारत होता. मग थांबला. आईने पुन्हा त्याचं नाव घेऊ दिलं नाही."

"कुठली विहीर?"

"आपलीच. आंब्याखालची. नंतर बांधून काढली."

त्याच विहिरीत वेदिका पोहायला शिकली होती. काठावर बसून पप्पांनीच तिला शिकवलं होतं.

"आपण उत्तराखंडला जायला नको," ती म्हणाली.

जयरामांनी बाहीवरची पिसं झटकली. "जाऊ," ते म्हणाले आणि संतोषकडे वळले. "पण मला चौकोनी बॅग दाखवा. पाय पसरता येतील अशी."

संतोषने ऐसपैस बॅग आणली. ती थोडी कमी गरम, म्हणून सोबत आतून घालायचं अस्तर आणि सगळ्यात जाड मॅट दिली. जयराम आत शिरले. चेन त्यांनी स्वतःच अर्ध्यावर ओढली, उघडली, पुन्हा ओढली.

वेदिका शेजारी फरशीवर बसून होती. तिला रडू येत नव्हतं. ती सांडलेली पिसं एकेक करून मुठीत गोळा करत होती.