कालव्यावरचं चालणं बंद झालं

राहू गावाजवळच्या वस्तीवर सोजराबाईच्या घराला तिन्ही बाजूंनी ऊस होता. चौथ्या बाजूनं वाट कालव्याकडं जायची. त्या वाटेनं ती आणि शेजारची नकुशी रोज उजाडताना चालायला जात. दौंडच्या डॉक्टरांनी तिला बजावलंच होतं, "साखर, बीपी, रक्तातली चरबी आणि हा पोटाचा घेर, सगळं एकमेकांच्या हातात हात घालून आलंय, मावशी. चालायला लागा. झोप पुरी घ्या. आणि जिवाला घोर लावून घेऊ नका."

सुरुवातीला मुलाचे जुने बूट घालून निघताना तिला लाज वाटायची. पुढं त्याची सवयच लागली. चहातली साखर सुटली, झंपर सैल झाले. तपासणीला गेली तर डॉक्टर खूश झाले.

मग एका सकाळी नकुशीच्या दारातलं कुत्रं नव्हतं. साखळी तेवढी खुंट्याला होती, आणि पाण्याच्या ओल्या चारीत बिबट्याचे पंजे उमटले होते. वनखात्याची माणसं आली. त्यांनी फोटो काढले, शेळी बांधून पिंजरा लावला, अंधारात बाहेर पडू नका म्हणून सांगितलं. ऊस तुटायला अजून लई अवकाश होता.

चालणं त्या दिवशीच थांबलं.

"दुपारचं चाला की, आत्या," सून मोनाली म्हणायची.

"दुपारचा काय वाघ गावाला जातो व्हय?" सोजराबाई म्हणायची आणि दार लावून बसायची.

मुलगा सत्यजीत रांजणगावच्या कंपनीत, तिकडंच खोली करून राहिलेला. शेतीची लाईट रात्रीची, त्यामुळं नवरा भिमाजी बॅटरी घेऊन मोटरीवर जायचा. तो परत येईपर्यंत हिचा डोळा लागत नसे. उसात पान वाजलं तरी ती उठून बसायची. झोप येऊ नये म्हणून चहा, चहात पुन्हा साखर, आणि हाताशी फरसाणाचा पुडा. गोळ्या कधी घेतल्या, कधी राहिल्या. चेहरा सुजल्यासारखा दिसायला लागला. जरा चाललं की धाप लागायची.

"धास्ती घेतलीय तिनं," भिमाजी सगळ्यांना सांगायचा. त्यालाही तेच खरं वाटत होतं.

त्या संध्याकाळी दिवे लागले होते. पिंजऱ्यातली शेळी एकाएकी ओरडायची थांबली. सोजराबाई भाकरी थापत होती. तिचा हात पिठातच राहिला. कपाळावर घाम फुटला.

"आलाय," ती पुटपुटली.

भिमाजी दारात काठी घेऊन उभा राहिला. बाहेर काही हललं नाही. थोड्या वेळानं शेळी पुन्हा ओरडली. पण सोजराबाईचा घाम थांबेना. पदर निथळायला लागला.

"गेला तो. पाणी पी, बरं वाटंल," भिमाजी म्हणाला.

"मळमळतंय. आन् जबडा ओढल्यागत झालाय."

मोनालीनं तव्याखालचा गॅस बंद केला. "मामा, भीतीनं जबडा दुखत न्हाई. माझ्या माहेरच्या मामीचं असंच झालं हुतं. पित्त म्हनून आम्ही तिला लिंबूसरबत देत बसलो."

"मग?"

"मग काय... गेली ती."

भिमाजीनं बायकोकडं पाहिलं. ओठ पांढरे पडले होते. त्यानं नकुशीच्या नवऱ्याला, म्हस्कूला फोन केला. पिकअप आली, पण वाट पाण्यानं चिखलाची झालेली. गाडी डांबरी रस्त्यावरच उभी राहिली. तिथवर दोन्ही बाजूंनी डोक्याच्या वर ऊस.

म्हस्कू आणि भिमाजीनं तिला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून उचललं. पुढं मोनाली, एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातातल्या पळीनं घमेलं बडवत. मधेच उजवीकडचा ऊस सरसरला. आवाज त्यांच्या बरोबरीनं थोडा वेळ चालला, मग थांबला. कुणी मान वळवली नाही. सोजराबाई डोळे मिटून एवढंच म्हणत होती, "मला खाली ठेवू नका."

दौंडला पोचताच ईसीजीची पट्टी काढली. हार्ट अटॅक होता. रातोरात पुण्याला हलवलं, बंद झालेली शीर उघडली. जीव वाचला, पण हृदयाचा काही भाग कायमचा दुबळा झाला.

"झोप कधीपासून नाही?" तिथल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"वाघ आल्यापासनं."

बाई भिमाजीकडं वळल्या. "आधीचा आजार होताच. त्यात जागरण, गोळ्यांची हयगय, चालणं बंद, आणि चोवीस तास धास्ती. एवढं शरीराला झेपत नाही."

घरी आल्यावर भिमाजीनं रात्रीच्या पाण्याला गडी लावला आणि ओट्यापासून गोठ्यापर्यंत उंच जाळी ठोकली. ऊन असताना सोजराबाई त्या जाळीत फेऱ्या मारायला लागली. मोनाली सोबत असायची. पहिल्यांदा चार पावलांवर बसावं लागे.

एका दुपारी म्हस्कू धावत आला. "घावली! पिंजऱ्यात घावली!"

"सुटलो बाबा," भिमाजी म्हणाला.

"मादी हाय, आप्पा. पान्हा हुता तिला. पिल्लं उसातच हायती म्हनं अजून."

सोजराबाईच्या छातीत धडधडायला लागलं. ती थांबली, सांगितल्याप्रमाणं सावकाश श्वास घेतला, आणि सुनेचा हात धरून पुढचं पाऊल टाकलं.

जाळीपलीकडच्या उसातून मांजराच्या पिलासारखा बारीक आवाज आला. चौघांनीही तो ऐकला.