सुलाबाईंनी दिलेलं उत्तर

आडगाव नाक्याजवळच्या एका कॉलनीत सुलाबाई मुलाबरोबर राहत. शाळेत आया म्हणून नोकरी करून रिटायर झालेल्या. मुलगा संतोष ओझरच्या कारखान्यात कंत्राटावर होता आणि आता कुठे त्याचं कायम व्हायचं जुळून आलं होतं.

एका दुपारी गळ्यात ओळखपत्र आणि हातात टॅब घेतलेली मुलगी दारात आली. नाव चैताली. कुठल्याशा सर्व्हे कंपनीची होती. उन्हानं चेहरा लाल झालेला, म्हणून सुलाबाईंनी तिला पंख्याखाली बसवलं, पाणी दिलं. पाण्याचं, रस्त्याचं, महागाईचं विचारून झाल्यावर ती म्हणाली, "आजी, तुमच्या मते देश योग्य दिशेने चाललाय की चुकीच्या?"

सुलाबाईंना आजवर असं कोणी विचारलंच नव्हतं. त्या सावरून बसल्या.

"चुकीच्या. लिही. माझ्या भाचीनं भरतीसाठी रात्रंदिवस अभ्यास केला आणि पेपर फुटला. पुढं काय झालं? काय नाय. आणि त्यावर बोलायचीही चोरी."

मुलीनं टॅबवर बोट टेकवलं, नाव आणि मोबाईल नंबर घेतला आणि ती शेजारच्या दारी गेली.

संध्याकाळी त्यांनी संतोषला हे कौतुकानं सांगितलं. बूट काढता काढता तो थांबला.

"नंबर दिलास?"

"मागितला तिनं."

"आई, हे लोक आवाज रेकॉर्ड करतात. कायम होण्यासाठी माझं पोलीस व्हेरिफिकेशन चालू आहे गं! कोण होती ती? कुणाची माणसं? तू विचारलंस तरी?"

त्यांनी विचारलं नव्हतं.

त्या दिवसापासून अनोळखी नंबर वाजला की त्या फोनकडे बघत बसत, उचलत नसत. समोरची मंजुषा न बोलता जिना उतरली, तर हिला कळलं की काय असं वाटे. खरं बोलून असं भ्यायचं, म्हणून भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोकडे बघायचीसुद्धा त्यांना लाज वाटू लागली.

आणि मग मोटारसायकलवरून एक माणूस आला. काखेत फाईल.

"सुलाबाई तुम्हीच का? मागच्या आठवड्यात इथं सर्व्हेवाली मुलगी आली होती?"

त्यांनी दाराची कडी घट्ट धरली. "नाय."

"तुमचं नाव, नंबर आहे आमच्याकडे."

"कुणी दिला मला ठाऊक नाय. मी कुणाशी काय बोलले नाय. देश चांगला चाललाय."

त्यानं काहीतरी लिहिलं आणि तो गेला. दार लावून सुलाबाई तिथंच फरशीवर बसल्या. सुटलो, असं त्यांना वाटलं.

दुसऱ्या दिवशी चैताली आली. डोळे सुजलेले.

"आजी, तुम्ही नाही म्हणालात? तो माणूस आमचा सुपरवायझर होता, काम तपासायला आलेला. आता म्हणतात, मी घरी बसून खोटी उत्तरं भरली. कामावरून काढलं. फसवणुकीची तक्रार देतो म्हणतात."

"अगं, पण माझा आवाज असेल ना त्यात?"

"आवाज घेतच नाही आम्ही. तुम्ही सांगाल तोच पुरावा."

संतोषला त्या दिवशी सुट्टी होती. स्वयंपाकघराच्या दारातून त्यानं आईकडे बघून मान हलवली. नको. सुलाबाईंना कळत होतं: आवाज नाही, म्हणजे पुरावा नाही. गप्प राहिलं की विषय संपला. मुलगी दारातच उभी होती, रडूही न येण्याइतकी घाबरलेली.

"लाव त्याला फोन," सुलाबाई म्हणाल्या.

चैतालीनं नंबर लावून फोन त्यांच्या हातात दिला. "मी सुलाबाई. ही पोरगी आली होती. काल मी खोटं बोलले. भ्याले होते."

"दिशेच्या प्रश्नाला काय उत्तर दिलं होतं? जुळवून बघावं लागेल."

"चुकीच्या," त्या पुटपुटल्या.

"ऐकू आलं नाही. मोठ्यानं बोला."

दार उघडं होतं. मंजुषा जिन्यात थबकली होती.

"चुकीच्या दिशेनं!" सुलाबाई ओरडल्याच.

"बरं. जुळतंय," तो माणूस म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता की कौतुक नव्हतं. "मुलीला उद्या कामावर यायला सांगा."

चैताली गेल्यावर संतोषनं दार लावलं. मग म्हणाला, "व्हेरिफिकेशनला विचारलं तर?"

"आई बोलली म्हणून सांग. तू नाय बोललास."

पुढच्या आठवड्यात व्हेरिफिकेशनसाठी पोलीस आला. आधार कार्ड बघितलं, शेजाऱ्याची सही घेतली, चहा नको म्हणाला. बाकी काहीच विचारलं नाही. तरी त्याचे बूट जिन्यावर वाजायचे थांबेपर्यंत सुलाबाई भिंतीला हात लावून उभ्या होत्या.